समुद्रात जाणाऱ्या ठोकळ्यांची तपासणी: उद्यमनगरातील एका प्रयोगशाळेचा अनुभव

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत माझा पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे ठोकळे करण्याचा लहानसा कारखाना आहे. आजवर माझा माल अंगणात, पेट्रोल पंपावर किंवा कार्यालयाच्या आवारात बसत आला. त्यामुळे दाबसहनक्षमतेचा अहवाल जोडला की ग्राहकाचे समाधान होत असे आणि माझेही. गेल्या हिवाळ्यात मात्र रत्नागिरीकडच्या एका ठेकेदाराने मासे उतरवण्याच्या धक्क्यालगतच्या उतारासाठी ठोकळे मागितले आणि सोबत एक सूचना केली. ठोकळ्यातील क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, काही भाग कमी करून त्याजागी परराज्यातील एका कचरा-वीज प्रकल्पाची राख घालावी, राख फुकट मिळेल आणि ती कोल्हापुरापर्यंत पोचवण्याचा खर्चही तोच करील, असे त्याचे म्हणणे होते. त्या राखेच्या निमित्ताने मला उद्यमनगरातील एका खासगी प्रयोगशाळेत सुमारे तीन महिने खेटे घालावे लागले. हे परीक्षण त्या प्रयोगशाळेच्या सेवेचे आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या दोन तक्रारींवर तिथे अजून काम चालू आहे आणि तेवढ्यावरून कोणी तिच्यावर शिक्का मारावा अशी माझी इच्छा नाही.

ही प्रयोगशाळा मुळात फाउंड्रीवाल्यांची. कास्टिंगमधले मँगनीज किती, सिलिकॉन किती, हे सकाळी विचारून दुपारी सांगणारी. त्याशिवाय साखर कारखान्यांचे सांडपाणी, विहिरीचे पाणी आणि हंगामात गुळाचे नमुने एवढा तिचा नेहमीचा पसारा आहे. धातू मोजण्याची सवय असलेली माणसे राखेतले धातूही मोजतील, एवढ्याच हिशेबाने मी तिथे गेलो. कचऱ्याच्या राखेत शिसे, कॅडमियम असे विषारी धातू असतात. ते किती सुटतात हे पाहणाऱ्या टीसीएलपी चाचणीचा एक अहवाल ठेकेदाराने राखेसोबत पाठवला होता. त्यात सगळे आकडे मर्यादेच्या आत होते, म्हणून मला केवळ त्याच धर्तीचा आणखी एक ताजा दाखला हवा होता. नमुने स्वीकारणाऱ्या खिडकीपाशी बसलेल्या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी तो अहवाल वाचला, माझ्या पिशवीतली राख चिमटीत घेऊन पाहिली आणि विचारले, "काका, हा ठोकळा राहणार कुठं?" मी म्हटले, "समुद्राच्या कडेला, भरतीचं पाणी रोज लागेल अशा जागी." त्यावर त्यांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, "मग हा कागद तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. हे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे."

पुढची वीस मिनिटे त्यांनी मला जे समजावून सांगितले, तेवढ्यासाठीच मी या सेवेला निम्मे गुण देऊन टाकीन. टीसीएलपी ही अमेरिकेतील चाचणी आहे. कचऱ्याच्या डेपोत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून आम्ल पाणी झिरपते, त्या पाण्यात एखादा पदार्थ सापडला तर त्यातून काय सुटेल, हे पाहण्यासाठी ती बेतलेली आहे. म्हणून तिच्यात नमुन्याच्या वीसपट द्राव घेतला जातो, द्राव ॲसिटिक आम्लाचा असतो आणि बाटली सुमारे अठरा तास फिरवली जाते. आपल्याकडील २०१६ च्या घातक कचरा नियमांतही याच चाचणीच्या मर्यादा दिलेल्या आहेत: शिसे लिटरमागे ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १ मिलिग्रॅम. आता याच्याशेजारी युरोपीय संघाने किनारी पाण्यासाठी ठरवलेले कॅडमियमचे वार्षिक सरासरी मानक ठेवून पाहावे. ते लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पाच हजारपटींनी कमी. दोन्ही आकड्यांचे काम वेगळे आहे, मध्ये समुद्राचे पाणी मिसळून पातळ होणे आहे, हे मान्यच. पण कचरा डेपोसाठी उत्तीर्ण झालेली वस्तू कालवे आणि तिसऱ्या या शिंपल्यांच्या शेजारी नेऊन ठेवताना तोच कागद दाखवणे म्हणजे दुचाकीच्या परवान्यावर ट्रक चालवण्यासारखे आहे. कालवे आणि तिसऱ्या दिवसभर पाणी गाळून खातात आणि त्या पाण्यातले कॅडमियम अंगात साठवत जातात, हे तर किनाऱ्यावरच्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

त्यांनी सुचवले की ठोकळा आणि राख दोन्ही आधी शुद्ध पाण्यात आणि मग समुद्राच्या पाण्यात तपासावी. पद्धत युरोपात रूढ असलेली: नमुना चार मिलिमीटरच्या खाली फोडायचा, एक भाग नमुन्याला दहा भाग पाणी घ्यायचे, चोवीस तास बाटली फिरवायची आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून आलेल्या पाण्यातले धातू मोजायचे. शुद्ध पाण्याऐवजी समुद्राचे पाणी घेणे हा त्यांनी केलेला बदल होता. तो प्रयोगशाळेच्या एनएबीएल मान्यतेच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) कार्यकक्षेत बसत नाही, त्यामुळे त्या भागाच्या अहवालावर मान्यतेचे चिन्ह येणार नाही, हे त्यांनी पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितले. चिन्ह सर्रास सगळ्या कागदांवर उमटवणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

समुद्राचे पाणी आणायची जबाबदारी माझ्यावर आली आणि तिथे मी माती खाल्ली. आंबा घाटातून माल घेऊन निघालेल्या चालकाला मी वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन दिला. त्या कॅनमध्ये पूर्वी काँक्रीटमध्ये घालायचे ॲडमिक्श्चर होते, आणि चालकाने पाणी भरले ते खाडीच्या मुखाशी, जिथे गोडे पाणी मिसळलेले असते. प्रयोगशाळेने क्षारता मोजून तो कॅन दारातच नाकारला. मोकळ्या समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, माझ्या कॅनमध्ये त्याहून बरेच कमी निघाले. दुसऱ्या खेपेस त्यांनी आम्लाने धुतलेल्या स्वतःच्या बाटल्या दिल्या, पाणी कोठून आणि भरतीच्या कोणत्या वेळी घ्यायचे याची मराठीत छापलेली चिठ्ठी दिली आणि घालमेल नको म्हणून सोबत प्रमाणित कृतीने बनवलेल्या कृत्रिम समुद्रपाण्यावरही एक बाटली लावली. या चिठ्ठीइतका स्वच्छ मराठी मजकूर मला त्यांच्या अहवालात सापडला असता तर आणखी आनंद झाला असता.

चोवीस तासांनी बाटल्या उतरवताना मी तिथे होतो. शुद्ध पाण्याची बाटली स्थिर ठेवल्यावर राख तळाशी बसली आणि वर फिकट, निवळ पाणी दिसले. समुद्रपाण्याच्या बाटलीत मात्र राखेच्या थरावर पांढरा, हलका, फाटलेल्या दुधासारखा साका तरंगत होता आणि बाटली जराशी कलती केली तरी तो ढगासारखा उठत होता. हा साका मुख्यतः मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. ताजी राख चुन्यासारखी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, तिच्यातून सुटणारा अल्क हे मॅग्नेशियम पकडतो आणि ते साका होऊन वेगळे पडते. परिणाम असा की शुद्ध पाण्याचा पीएच बाराजवळ गेलेला असताना समुद्रपाण्याचा पीएच साडेनऊच्या आसपासच थांबला होता.

या एका साक्यात सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे, आणि ती मला आधी ठाऊक असती तर ठेकेदाराशी माझा निम्मा वाद वाचला असता. खारे पाणी म्हणजे धातू जास्त सुटणार, असा माझा सरळ समज होता. अहवालात शिशाचा आकडा मात्र समुद्रपाण्यात उलट कमी आला. शिसे दुतोंडी आहे. ते आम्लात विरघळते, तसेच फार तीव्र अल्कातही विरघळते, आणि साडेनऊ-दहा पीएचच्या दरम्यान त्याची विद्राव्यता सर्वांत कमी असते. शुद्ध पाण्यात राखेने पीएच बारावर नेला म्हणून शिसे सुटले, समुद्रपाण्यात मॅग्नेशियमने पीएच खाली ओढला म्हणून ते अडकून राहिले. कॅडमियमचे नेमके उलटे झाले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. कॅडमियमची आणि क्लोराइडची घट्ट मैत्री आहे, दोघे मिळून पाण्यात विरघळून राहणारे संयुग बनवतात, आणि शुद्ध पाण्यात राखेला चिकटून बसणारे कॅडमियम खाऱ्या पाण्यात सुटून बाहेर येते. शिवाय पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे राखेच्या कणांवर चिकटलेल्या धातूंना ढकलून स्वतः त्यांच्या जागी बसतात. एकच राख, एकच बाटली, आणि एका धातूच्या बाबतीत समुद्र रखवालदार तर दुसऱ्याच्या बाबतीत चोर.

बाईंनी यावर आणखी एक सावधगिरी सांगितली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. बाटलीत पाणी नमुन्याच्या दहापट असते, समुद्र तसा नसतो. दर भरतीला नवे पाणी येते आणि ठोकळ्याच्या पृष्ठभागातला अल्क थोडा थोडा धुऊन नेते. काही काळाने तिथला पीएच समुद्राच्या स्वतःच्या ८.१ च्या जवळ येतो आणि मग शिसे अडकून राहण्याचे कारणही हळूहळू उरत नाही. राख उघड्यावर ढीग करून काही आठवडे किंवा महिने मुरवण्याची पद्धत आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिचा पीएच उतरतो आणि शिसे सुटणे कमी होते, हे खरेच, पण अँटिमनीसारखा धातू त्याच उतरत्या पीएचला जास्त सुटू लागतो. लोणचे मुरते तशी राख मुरते, फक्त सगळे घटक एकाच दिशेने मुरत नाहीत.

आता दुसऱ्या पिशवीकडे येतो. ठेकेदाराने दोन पिशव्या पाठवल्या होत्या. पहिलीत भट्टीच्या जाळीखाली पडणारी तळराख होती: काचेचे तुकडे, मडक्याच्या खापऱ्या, खिळे, वितळून गोळा झालेले ॲल्युमिनियम. ही राख मी प्रयोगशाळेला न विचारता, उत्साहाच्या भरात, दोन घमेली मिसळून ठोकळे काढून पाहिले होते. सकाळी साचे उघडले तेव्हा ठोकळ्यांचे माथे भाकरी फुगावी तसे वर आलेले आणि त्यांत बारीक छिद्रे. मला वाटले सिमेंट बिघडले. प्रयोगशाळेने कारण सांगितले की राखेतले ॲल्युमिनियम सिमेंटच्या अल्काशी झगडून हायड्रोजन वायू सोडते. असा सच्छिद्र ठोकळा समुद्रात ठेवला तर पाणी आतपर्यंत शिरणार आणि सुटणाऱ्या धातूंची वाटही रुंद होणार. ताकदीची आणि गळतीची तक्रार शेवटी एकाच छिद्रातून येते, हे मला वीस वर्षांच्या धंद्यात प्रथमच उमगले.

दुसऱ्या पिशवीवर नुसते "फ्लाय ॲश" असे लिहिले होते. आपल्या धंद्यात हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे औष्णिक वीज केंद्राची कोळशाची राख येते, जी आपण वर्षानुवर्षे सिमेंटमध्ये वापरतो. या पिशवीतली करडी भुकटी मात्र दोनच दिवसांत हवेतला ओलावा पिऊन गोळा झाली होती. प्रयोगशाळेने आधी तिच्यातले क्लोराइड मोजले आणि त्या एका आकड्यावरून ही कोळशाची राख नसून कचरा जाळण्याच्या धुरातून गाळलेली राख आहे हे ओळखले. कचऱ्यातले प्लॅस्टिक, विशेषतः पीव्हीसी, आणि जेवणातले मीठ यांच्यातील क्लोरीन भट्टीत शिसे, जस्त आणि कॅडमियम यांच्याशी जुळते. ही क्लोराइडे भट्टीच्या उष्णतेत वाफ होऊन धुराबरोबर वर जातात आणि धूर थंड होताना त्याच बारीक राखेवर येऊन बसतात. त्यामुळे तळराखेत तांबे, लोखंड, क्रोमियम मागे राहतात आणि वर उडणाऱ्या राखेत नेमके पाण्यात विरघळणारे धातू गोळा होतात. धूर धुण्यासाठी फवारलेला चुना आणि डायॉक्सिन हे विषारी संयुग यांची भर त्यात वेगळी. ही भुकटी ठोकळ्यात घालून समुद्राला लावणे म्हणजे मिठाचा खडा ओल्या फडक्यात बांधून ठेवणे. ठेकेदाराला हे मुळात माहीत होते की नाही, यावर मी काही लिहीत नाही. त्याच्या कागदांवर शब्द एकच होता आणि वस्तू दोन होत्या, एवढे मात्र खरे. प्रयोगशाळेने त्या दिवशीच मला फोन करून दुसरी पिशवी कारखान्यात उघडू नका असे सांगितले, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

एवढे कौतुक केल्यावर तक्रारीही मोकळेपणाने मांडतो. समुद्रपाण्याचा पहिला अहवाल हाती आला तेव्हा कॅडमियमसमोर "बीडीएल" असे लिहिले होते, म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात तळटिपेत नमुना पन्नासपट पातळ केल्याची नोंद दिसली. धातू मोजणाऱ्या त्यांच्या आयसीपी-एमएस यंत्राला सुमारे ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त क्षार झेपत नाहीत आणि समुद्रपाण्यात ते साडेतीन टक्के असतात, म्हणून नमुना पातळ करावाच लागतो. पण पन्नासपट पातळ केला की मोजण्याची खालची मर्यादाही पन्नासपट वर सरकते आणि "सापडले नाही" याचा अर्थ फक्त "एवढ्या जाड चाळणीत अडकले नाही" असा उरतो. हे अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक लिहायला हवे होते, तळटिपेत नव्हे. आर्सेनिकचेही तसेच: राखेशिवाय नुसत्या समुद्रपाण्याच्या बाटलीतही जवळपास तेवढेच आर्सेनिक दाखवले गेले होते. यंत्रातला आर्गॉन वायू आणि पाण्यातले क्लोरीन जोडीने ७५ वस्तुमानाचा कण तयार करतात, आर्सेनिकचेही वस्तुमान तेच, म्हणून यंत्र फसते. यावर यंत्रातच हेलियम सोडून करण्याचा उपाय आहे आणि तो त्यांच्याकडे उपलब्धही होता, पण पहिल्या फेरीत वापरला गेला नव्हता. सांडपाणी आणि गुळाच्या सवयीने समुद्र मोजला गेला, असे माझे मत आहे.

मी दोन्ही मुद्दे लेखी विचारले. संचालकांनी हुज्जत घातली नाही, नमुने पुन्हा मोजले, या वेळी समुद्रपाण्यात कॅडमियम मोजून घालून ते परत किती मिळते हेही तपासले, आणि सुधारित अहवालात वर सांगितलेले शिसे-कॅडमियमचे उलटे चित्र स्पष्ट दिसले. मात्र या फेरमोजणीचे निम्मे शुल्क माझ्याकडून घेतले. चूक त्यांची असताना हे योग्य नव्हते, आणि ते परत करण्याविषयीचे माझे पत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे. दुसरे म्हणजे, सांगितलेले दहा दिवस प्रत्यक्षात सव्वीस झाले. गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांचे नमुने पुढे जातात, हे कोल्हापुरात समजण्यासारखे आहे, पण मग तारीख देताना तसे सांगावे.

अहवाल घेऊन ठेकेदाराशी बोललो तेव्हा त्याचा युक्तिवाद तयार होता: परदेशात राखेचे ठोकळे समुद्रात टाकतातच की! टाकतात, आणि म्हणूनच कसे टाकतात ते पाहावे. अमेरिकेत स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात कचऱ्याची राख सिमेंटने घट्ट बांधून तिचे ठोकळे लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्यात ठेवले, ते खरे, पण त्यांवर आणि त्यांवर वाढणाऱ्या जिवांवर नंतर लक्षही ठेवले. सिंगापूरने १९९९ पासून सेमाकाऊ बेटापाशी राखेचा डेपो समुद्रातच चालवला आहे, पण त्याभोवती सात किलोमीटरचा बांध आहे आणि बांधाला पाणी न झिरपणारे आवरण व समुद्री चिकणमातीचा थर आहे. आणि बांधही नाही, सिमेंटही नाही, अशी राख कुठे जाते याचे उदाहरण म्हणजे १९८६ साली फिलाडेल्फियाची सुमारे चौदा हजार टन राख घेऊन निघालेले खियान सी हे जहाज, ज्याने त्यातली काही हजार टन हैतीच्या किनाऱ्यावर उतरवली आणि उरलेली वाटेत समुद्रात सोडली. ठेकेदाराने हे ऐकून घेतले आणि दर थोडा वाढवून देण्याची तयारी दाखवली. दर हा माझा प्रश्नच नव्हता.

ज्यांना या प्रयोगशाळेत असे काम द्यायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. राखेचा नमुना किमान पाच किलो न्यावा आणि ढिगाच्या वेगवेगळ्या जागांतून घ्यावा, कारण एका घमेल्यात खिळे आणि दुसऱ्यात काच असा तिचा स्वभाव असतो. नमुना देतानाच वस्तू कोणत्या पाण्यात राहणार आहे ते अर्जावर लिहावे, मोजण्याची खालची मर्यादा किती हवी ते आकड्यात मागावे, आणि राखेशिवाय नुसत्या पाण्याची बाटली सोबत लावायला सांगावे. माझे एकूण बिल फेरमोजणी धरून २३,००० रुपयांच्या आसपास झाले. माझ्यासारख्या कारखान्याला ते जड आहे, पण उतारावरून ठोकळे उपसून परत आणण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. बाईंना पाचपैकी पाच, अहवाल लेखनाला अडीच, वेळेला दोन, आणि एकूण सेवेला साडेतीन तारे.

धक्क्यासाठीचे ठोकळे मी शेवटी राखेशिवाय, नेहमीच्या क्रश सँडचे करून पाठवले. तळराखेचे पंधरा ठोकळे मात्र ॲल्युमिनियम वेचून काढून आणि राख पावसापूर्वी मुरवून पुन्हा पाडले आहेत, आणि त्यांतले तीन आता फोडलेले नव्हे तर अखंड, प्रयोगशाळेतल्या झाकणबंद पेट्यांत समुद्रपाण्यात बुडवून ठेवले आहेत. ही चाचणी चौसष्ट दिवसांची आहे, ठरलेल्या दिवशी पाणी काढून नवे भरायचे असते, आणि पुढचे पाणी बदलण्याची तारीख येत्या गुरुवारी आहे.